एका ट्रान्सफॉर्मरची माणसं

खांबावर चढलेल्या माणसाला खालची माणसं दोनच प्रश्न विचारतात. "कधी येणार?" आणि "अजून किती वेळ?" मी वीज कंपनीत हेल्पर म्हणून लागलो आणि मुख्य तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात तारा बदलल्या, खांब बदलले, साहेब किती बदलले ते तर मोजलेही नाहीत, पण हे दोन प्रश्न तसेच राहिले. माझं पदही लोकांनी कधी बदलू दिलं नाही. डहाणू असो की तलासरी, मी शेवटपर्यंत 'वायरमन'च होतो.

या अंकासाठी लिहायचं ठरल्यावर घरच्यांनी सुचवलं, वादळांचं लिहा, पडलेल्या खांबांचं लिहा, लोकांना तेच आवडतं. पण वादळ येतं आणि जातं. मला जे जन्मभर पुरेल ते शिकवलं एका ग्रुपने. फोनवरच्या. तो मीच काढला, मीच वाढवला आणि मीच बिघडवला, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा हक्कही माझाच आहे.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून आधी थोडं आमच्या कामाचं सांगतो. सबस्टेशनमधून अकरा हजार व्होल्टची लाईन निघते, तिला फीडर म्हणतात. ती नाले, डोंगर, चिकूच्या वाड्या ओलांडत जाते आणि जागोजागी एकेका ट्रान्सफॉर्मरला भेटते. ट्रान्सफॉर्मर म्हणजे दोन खांबांच्या मधे बसवलेली ती करडी पेटी. ती विजेचा दाब घरात चालेल एवढा उतरवते आणि तिथून साध्या तारा तीस-चाळीस घरांना जातात. गावातली माणसं भावकीने, पाड्याने, पक्षाने वाटलेली असतात. आमच्या लेखी ती ट्रान्सफॉर्मरने वाटलेली असतात. एका ट्रान्सफॉर्मरखालच्या सगळ्यांची लाईट एकदम जाते आणि एकदम येते, मग ती एकमेकांशी बोलत असोत वा नसोत.

२०१५ साली मी चिखल्याच्या बाजूला होतो. लाईट गेली की माझा फोन वाजायला लागायचा. कमरेला पट्टा बांधून वर लटकलेलो असताना खिशात तो सारखा थरथरत राहायचा. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकट्यानेच फोन केलाय. माझ्या मुलीला माझी दया आली. तिने मला साधा फोन सोडायला लावला, नवीन घेऊन दिला आणि 'लाईट चिखले' नावाचा ग्रुप काढून दिला. चाळीसेक माणसं होती. मी एकदाच लिहायचो, "जम्पर जळलाय, तासाभरात येईल," की सगळीकडे शांतता. चिकूची मोठी वाडी असलेले दिनूभाई लिहायचे, "बंधू, आंब्याची फांदी तारेला टेकते हां, जरा येऊन जा ने." मी जायचो, फांदी तोडायचो, येताना पिशवीभर चिकू मिळायचे. मला तर स्वर्ग हाताला लागल्यासारखं झालं होतं.

वर्षभरात माझी बदली तलासरीकडे झाली. शहाण्या माणसाने ग्रुप नव्या वायरमनच्या हवाली केला असता. मी काय केलं, ग्रुप बरोबर घेऊन गेलो. तो माझा होता ना! नाव बदलून 'लाईट डहाणू-तलासरी' केलं, जुन्यांना राहू दिलं आणि नव्यांना घेत सुटलो. तेव्हा एका ग्रुपात शंभरच माणसं मावायची, ते मला फार डाचायचं. २०१६ मध्ये ती मर्यादा दोनशे छप्पन्न झाली, तेव्हा मी घरी पेढे आणले होते. बायकोने विचारलं, बढती मिळाली का? मी काय सांगणार!

तलासरीच्या आठवडी बाजारात माणसं मला थांबवून म्हणायची, "आमाला पण घ्या की ग्रुपात." मी फोन काढायचो, चष्मा चढवायचो आणि मोठ्या मनाने नंबर घ्यायचो. अच्छाडचे ढाबेवाले आले, झाईचा बर्फवाला आला, डहाणू शहरातले दोन मास्तर आले, कोणाचे मेहुणे आले. दोनशे छप्पन्न भरले तेव्हा मी ग्रुपात 'हाऊसफुल' असं लिहिलं. फुलांचा पाऊस पडला. मला फार बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

ग्रुप शंभराच्या आत होता त्या दिवसांत त्यात लखमीबाई आल्या होत्या. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला एक पाडा आहे, तिथल्या त्या. नवरा नाही, भात आणि नागलीची थोडी शेती, आणि दीर सोमा शेजारच्याच घरात. मुलगा वापीला कंपनीत कामाला, त्याने आपला जुना फोन आईला दिलेला. लखमीबाईंना लिहिता यायचं नाही. त्या बोलून निरोप पाठवायच्या आणि त्यासाठी शाळेमागच्या चढावर जायच्या, कारण सिग्नल तिथेच यायचा.

"वायरमन, मी लखमी बोलते. शाळेमागच्या खांबाला येल चढलाय. लाईट नाय गेली अजून. पण पाऊस पडला का जाईल. तू ये."

आमच्या धंद्यात लाईट गेली हे कोणीही सांगतो. लाईट जाणार आहे हे सांगणारा माणूस मला सगळ्या नोकरीत लखमीबाईंशिवाय भेटला नाही. त्या रोज शेतावर जाता-येता वर बघत चालायच्या. कुठली तार लोंबते, कुठल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरला तडा गेला, सगळं त्यांना ठाऊक. आणि हो, त्या मला 'तू' म्हणायच्या. त्या बाजूला सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, तहसीलदार आला तरी. त्यात उर्मटपणा नसतो, आणि आदर नसतो असंही नाही.

आता दोनशे छप्पन्नांचं काय झालं ते ऐका. सकाळी उठलं की सूर्योदय, गुलाब आणि सुविचार. मग चिकूचा भाव. मग कोणाची म्हैस हरवली, कोणाला टेम्पो विकायचाय, कोण निवडणुकीला उभा आहे. मधेच अच्छाडचा ढाबेवाला, "वायरमनसाब, लाइट कब आयेगी?" आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा तेच. त्याखाली झाईहून कोणी, "आमच्याकडे आहे." चिखल्याहून, "आमच्याकडे पण आहे." आपल्याकडे लाईट आहे हे सांगायला माणसाला केवढा उत्साह असतो ते मला तेव्हा कळलं.

एकदा भर पावसात निरोप आला, "पाटीलपाड्याला पोल पडलाय, लवकर या." मी गाडी काढली, भिजत पाटीलपाड्याला पोचलो. पोल ताठ उभा. लोक म्हणाले, इथला नाही, दुसऱ्या गावच्या पाटीलपाड्याचा असेल. आमच्या भागात गावागणिक एक पाटीलपाडा आहे. दुसऱ्या पाटीलपाड्याला गेलो, तिथेही काही नाही. तिसरा पाटीलपाडा डहाणूच्या बाजूचा, तो माझ्या हद्दीतच नव्हता. निरोप धाडणाऱ्याची काही चूक नव्हती. चाळीस माणसांत पाटीलपाडा एकच असतो. दोनशे छप्पन्नांत किती असतात हे त्याला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं, पण मी आकडा वाढवण्यात गुंतलेलो.

हळूहळू ज्यांना काही सांगायचं असे ती माणसं बोलेनाशी झाली. दिनूभाई बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "बंधू, तुझ्या ग्रुपचा आवाज मी बंद करून ठेवलाय हां, वाईट नको वाटून घेऊ." मी हसण्यावारी नेलं.

मग एक दिवस लखमीबाईंचा निरोप आला. बांबू वाकून तारेवर आला होता आणि मी दोन निरोपांना दाद दिली नव्हती. तिसऱ्यांदा त्या चिडल्या. "वायरमन, तू झोपला का मेला? बांबू आलाय तारेवर. तूला दिसत नाय, माला दिसते."

त्याखाली पहिल्यांदा कोणी हसणारा चेहरा टाकला. मग दुसऱ्याने. डहाणूच्या एका मास्तरांनी लिहिलं, "साहेबांना तू? बाई, आधी बोलायला शिका." कोणा टवाळाने त्यांची नक्कल करून तीही बोलून पाठवली. त्यावर तर हसण्याचा पूर आला. मी बांबू तोडायला गेलो, ते काम केलं. पण त्या आधी, जेवताना फोन बघताना, मीही त्या नकलेखाली एक हसणारा चेहरा टाकला होता. का टाकला? सगळे हसत होते म्हणून.

भातलावणीचे दिवस होते. सकाळी सबस्टेशनच्या ऑपरेटरचा फोन आला की लखमीबाईंच्या पाड्यावर तार तुटून शेतात पडलीय, अपघात आहे, लाईन बंद केलीय. मी पोचलो तेव्हा चिखलात एक बैल मरून पडला होता. दुसरा बांधावर उभा राहून थरथरत होता. नांगर धरणारा सोमा होता, लखमीबाईंचा दीर. त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं.

लोक मला विचारत होते, तार जमिनीवर पडली तर फ्यूज का नाही गेला? हे आमच्या कामातलं सगळ्यात वाईट सत्य आहे. तुटलेली तार जमिनीला टेकली म्हणजे फ्यूज जातोच असं नाही. ती तशीच जिवंत पडून राहते, दिसायला मेलेल्या तारेसारखीच. म्हणून तार तुटण्याआधी कळणं हेच खरं. ती तार कमकुवत झाल्याचं माझ्या फेरीत मला दिसायला हवं होतं. त्या महिन्यात माझी फेरी तिकडे झाली नव्हती. दोष माझा होता आणि मी तो पंचनाम्यात तसाच लिहून दिला.

सोमा वाचला. पण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली ती कायमची. नांगराची मूठ त्याला पुन्हा नीट धरता आली नाही.

पंचनामा झाल्यावर मी लखमीबाईंच्या अंगणात गेलो. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या, वर बघेनात. मी मूर्खासारखं विचारलं, "लखमीबाई, तुम्हाला तार दिसली नव्हती का?"

"दिसली ना. चार दिस दिसत होती. एक पदर सुटला होता, मंग दुसरा."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? तुज्या ग्रुपात? तिथं हासतात." मग सूप खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "आनि मी हाय कुठं तुज्या ग्रुपात?"

मी तिथेच फोन काढला आणि बोटाने मागे मागे जात राहिलो. सुविचार, टेम्पो, म्हशी, सगळं मागे टाकत उन्हाळ्यापर्यंत गेलो. तिथे ती नक्कल सापडली. तिच्याखाली हसणारे चेहरे. सगळ्यांत शेवटचा माझा होता, आणि त्याच्या लगेच खाली एक बारीक ओळ होती की लखमीबाई ग्रुप सोडून गेल्या. बहुतेक वापीच्या मुलाने सोडून दिला असावा. तीन महिने मी त्यांच्याशिवाय होतो आणि मला पत्ता नव्हता. दोनशे छप्पन्नातला एक कमी झाला, त्या जागी मी त्याच आठवड्यात कोणाच्या तरी मेहुण्याला घेतलं होतं. मला लाज वाटली. त्या अंगणात उभं राहवेना आणि तिथून निघवेनाही.

पुढे महिनाभर मी त्या पाड्यावर जात राहिलो. तारा बदलल्या, सोमाच्या नुकसानभरपाईचे कागद करून दिले. जाईन तेव्हा लखमीबाईंना म्हणायचो, आपण फक्त तुमच्या पाड्याचा ग्रुप काढू. दोन वेळा त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या वेळी सोमाच मधे बोलला. हाताला पांढरं फडकं बांधून तो ओटीवर बसला होता.

"वयनी, घे ना. तारा तर लोंबनारच."

लखमीबाईंनी त्याच्या हाताकडे बघितलं. मग त्यांनी अटी घातल्या. या ट्रान्सफॉर्मरची घरं तेवढीच, बाहेरचं कोणी नको. लाईटीशिवाय दुसरी गोष्ट नको. "आनि हासल त्याला मी काढनार. तू हासला तर तूला."

माझा जुना स्वभाव जाईना. मी म्हटलं, "नाल्यापलीकडचा पाडा पण घेऊ या की, म्हणजे साठ घरं होतील."

"तिकडची तार माला दिसत नाय," त्या म्हणाल्या. "माला दिसत नाय ते मी कसं सांगू?"

ग्रुप केवढा असावा याचा एवढा साधा हिशोब मला कोणत्याही प्रशिक्षणात मिळाला नव्हता. चालता-चालता जेवढी तार दिसते तेवढा. त्या ट्रान्सफॉर्मरवर एकतीस घरं होती. फोन एकोणीस घरांत होते, आणि डोंगरावर नवा टॉवर उभा राहिल्यापासून सिग्नल घरातही यायचा. बाकीच्यांचं शेजारी सांगायचे, "सोमाचं पण बंद, लाडक्याचं पण बंद."

पहिले पंधरा दिवस ग्रुपात एक शब्द आला नाही. मी अस्वस्थ झालो. मोठ्या ग्रुपच्या सवयीने मला गप्प ग्रुप म्हणजे मेलेला ग्रुप वाटायचा. एकदा तर मीच एक फुलाचा फोटो टाकला. लगेच लखमीबाईंचा आवाज आला, "वायरमन, याला लाईट लागते का?" मी फोटो काढून टाकला. गप्प असणं म्हणजे घराघरांत दिवे चालू असणं, हे कळायला मला वेळ लागला. त्या पावसाळ्यात त्या पाड्यावर लाईट तीन वेळा गेली, आणि सहा वेळा जाण्याच्या आधी मी तिथे पोचलो होतो.

मग मला चेव आला. मी इतर ट्रान्सफॉर्मरचेही ग्रुप काढले. सगळे जमले असं नाही. अच्छाडच्या ढाबेवाल्यांचा ग्रुप आठवड्यात संपला. प्रत्येकाकडे स्वतःचा जनरेटर, दुसऱ्याची लाईट गेली तर यांना गिऱ्हाईक जास्त, ते एकमेकांना कशाला सांगतील? चिखल्याला नव्या वायरमनला सांगून अठरा घरांचा ग्रुप काढला, तिथे दोन सख्खे भाऊ पाण्याच्या पंपावरून असे भांडले की बाकीचे सोळा ते वाचायला थांबले आणि लाईटचं सगळे विसरले. लहान असलं की झालं, असं मुळीच नाही. माणसांचं एकमेकांवाचून अडावं लागतं. जिथे अडत होतं तिथले सहा-सात ग्रुप मात्र छान चालले.

आणि मोठा ग्रुप? २०१८ मध्ये फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय आली. मी खूश होऊन सगळ्यांची तोंडं बंद केली. ग्रुप स्वच्छ झाला खरा, पण मला खबर देणारंही कोणी उरलं नाही. तो ऑफिसच्या भिंतीवरचा फळा झाला. शेवटी मी तोंडं उघडली, अॅडमिनपद दिनूभाईंना दिलं आणि म्हटलं, यातून लाईट हा शब्द काढून टाका. त्यांनी नाव ठेवलं 'आपले लोक'. तो आजही भरलेला आहे. वापीच्या इस्पितळात एका बाईला रक्त हवं होतं तेव्हा तिथे दुपारच्या आत माणसं उभी राहिली, ती त्याच ग्रुपमुळे. एवढ्या कामाला दोनशे छप्पन्न हवेतच. मी उगाच त्याच्या गळ्यात तारा अडकवल्या होत्या.

आता २०१९ च्या उन्हाळ्याचं सांगतो, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

मधल्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले होते, लग्नात जनरेटर यायला लागले होते. यात आमच्या जिवाला धोका असतो. मी ट्रान्सफॉर्मरचे फ्यूज काढून तार मेली म्हणून चढतो. त्याच वेळी कोणी जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये खुपसली आणि घराचा मेन स्विच चालूच ठेवला, तर वीज उलटी चालते, घरातून खांबावर येते. वायरमन अशानेच जातात. म्हणून एकतीस घरांच्या ग्रुपात आम्ही एक रीत पाडली होती. मी बोलून निरोप टाकायचो, "चढतोय." मग प्रत्येक घराने मेन स्विच बंद करून सांगायचं, "बंद." एकतीस झाले की चढायचं. ही रीत मोठ्या ग्रुपात चालली नसती. तिथे कोणी गप्प राहिलं तर तो झोपला, बाहेरगावी गेला की वाचतच नाही, काही कळत नाही. एकतीस घरांत कोण गप्प आहे ते नावानिशी कळतं.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला जम्पर जळाला होता. जम्पर म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा छोटा तुकडा. मी ट्रान्सफॉर्मरचे तिन्ही फ्यूज काढले, पिशवीत टाकले, खांबाला शिडी लावली आणि फोनमध्ये बोललो, "चढतोय." बंद, बंद, बंद येत गेले. तीस झाले. रुपजीचं येईना. रुपजीच्या मुलीची हळद होती. माझ्यामागे साहेबांचा तगादा, अच्छाडला दुसरा बिघाड वाट बघतोय. ऊन मी म्हणत होतं. मी मनात म्हटलं, हळदीच्या गडबडीत फोन कोण बघतो! तीस झालेत, एकाने काय होतंय.

मी दोन पायऱ्या चढलो. खिशात फोन वाजला. एका हाताने काढून निरोप लावला.

"वायरमन, चढू नको. एकतीस झाली नाय. मी जाते रुपजीकडं बघाया."

मी चरफडत उतरलो. टेस्ट लॅम्प लावून तार मेल्याची खात्री केल्याशिवाय हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे. मी तो लावला असता असं इथे लिहिलं तर पडताळायला कोणी येणार नाही. पण पिशवी खाली शिडीपाशी होती आणि लॅम्प पिशवीत होता. मी मोकळ्या हाताने चढत होतो.

वीसेक मिनिटं गेली. मग ग्रुपात एक फोटो आला. लखमीबाईंनी कधी फोटो पाठवला नव्हता. हललेला होता, त्यात त्यांचा अंगठाही आला होता, पण मला कळायला तेवढा पुरला. मांडवाच्या मागे जनरेटर, आणि त्याची वायर खिडकीतून आत, भिंतीवरच्या प्लगकडे.

मी लॅम्प काढला, काठीला बांधला आणि खालूनच तारेला टेकवला. दिवा लागला. फ्यूज माझ्या पिशवीत होते, आणि दिवा भर उन्हात पिवळा पेटला होता. मी काठी खाली घेतली. खांबाला पाठ लावून मी खाली बसलो. बायकोचा, मुलीचा चेहरा काही डोळ्यांपुढे आला नाही. फक्त त्या तिसऱ्या पायरीकडे बघत राहिलो.

थोड्या वेळाने पुन्हा लॅम्प टेकवला, तो लागला नाही. मागोमाग रुपजीचं आलं, "बंद." आणि लखमीबाईंचा आवाज, धाप लागलेला, "झाली एकतीस. चढ आता." मी चढलो. जम्पर बांधला, उतरलो, फ्यूज घातले. पाड्यातून गाण्याचा आवाज मोठा झाला. ग्रुपात "आली, आली" सुरू झालं.

मी लखमीबाईंसाठी मोठा निरोप लिहायला घेतला. चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या; त्यांना वाचता कुठे येत होतं! अच्छाडचा बिघाड, साहेब, सगळं बाजूला ठेवून मी रुपजीच्या मांडवात गेलो. मांडववाल्याला जे बोलायचं ते बोललो. तो बाहेरगावचा होता, लाईट गेली म्हणून त्याने भलेपणाने वायर लावली होती. रुपजी हात जोडून उभा होता, त्याला मी काही बोललो नाही. लखमीबाई बायकांत बसल्या होत्या, हात हळदीने माखलेले.

मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "लखमीबाई, आज मी गेलो असतो. तीस झाले म्हणून चढलो होतो मी." चार बायका बघायला लागल्या, त्याची मला पर्वा नव्हती.

"तू एकतीस मोजतो ना?" त्यांनी विचारलं.

"हो. तुमची एकतीस घरं."

"मी बत्तीस मोजते."

"बत्तिसावं कुठलं?"

"तू," त्या म्हणाल्या. "तू खांबावरनं उतरला, का माझी बत्तीस होतात."